बुजवलेली सलांग

बाबा, मागच्या वर्षी तुमच्या तिथीला जे पत्र लिहिलं त्यात एक चूक राहिली आहे. त्यात मी लिहिलं होतं की आपल्या मागच्या आंगणातली बोडी, ते तुमचं लहानसं तळं, फुटली ती पाळ कच्ची राहिल्यामुळे. पाळ कच्ची नव्हती. सलांग बुजलेली होती, आणि ती मी बुजवली होती. बाकीचं पत्र पुन्हा वाचून पाहिलं. दुसरी चूक एवढीच की मी कमळ लिहिलं होतं. ते कुमुद होतं आणि त्याला एकदाच फूल आलं. ती दुरुस्ती मी खोडून वर केली. पहिली खोडून वर लिहिण्याएवढी जागा त्या कागदावर नाही, म्हणून हे दुसरं पत्र.

आई सलांगेला अजूनही भोक म्हणते. ती नागपूरची, तिच्या माहेरी पाणी नळाला यायचं आणि मोरीतून जायचं. पाळीच्या एका अंगाला चार बोटं खाली जागा सोडायची, म्हणजे तळं भरलं की जास्तीचं पाणी पाळ न कापता तिथून शहाण्यासारखं निघून जातं, हे तुमच्या भंडाऱ्याकडच्या पोराला बोलता येण्याआधी कळतं, असं तुम्ही म्हणायचे. मग ते आईला एकदा नीट समजावून का नाही सांगितलं? तुमची हीच सवय मला आज छळते आहे. तुम्ही माणसाला दाखवून द्यायचे, सांगायचे नाही. मला दाखवलं, मी पाहिलं. आईला स्वयंपाकघरातून ते दिसत नव्हतं.

मी दहा वर्षांची होते. मला बोडीचं पाणी मागच्या पायरीपर्यंत यायला हवं होतं, म्हणजे पायरीवर बसून पाय बुडवता आले असते. पाणी दर पावसात पायरीच्या चार बोटं खाली येऊन थांबायचं आणि सलांगेतून पुढच्या नालीकडे निघून जायचं. मला वाटायचं ते मला चिडवायला जातं. तुम्ही भट्ट्या बांधायचे त्या स्टील प्लांटमधून भट्टीच्या विटेचा एक अर्धा तुकडा आणला होता, दाराला अडसर म्हणून. तो मी माझ्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळला आणि सलांगेत ठोकून बसवला. छान बसला. तुमची मुलगी होते, सांधा कसा भरायचा ते मला येत होतं. मग दीड दिवस पाऊस पडला. पाणी पायरीला लागलं, मी पाय बुडवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या आंटीच्या भिंतीकडची पाळ गेली. त्यांच्या स्वयंपाकघरात घोटाभर चिखल, गव्हाचं पोतं भिजलेलं. तुम्ही खराटा घेऊन गेलात आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं घर धुतलं. मी दाराआड उभी आहे. तुम्ही परत येता, पाय धुता, आणि आई म्हणते, "प्लांटमंदी भट्ट्या बांधते, अन् घरचा एक खड्डा नाही सांभाळला. भोक ठेवलं पाळीत, म्हणून गेली ते." तुम्ही खराटा भिंतीला टेकवून ठेवता. पुढच्या रविवारी तुम्ही एकट्यानं बोडी बुजवली.

ते वाक्य आई अजून बोलते. पाच वर्षं तुम्हाला बोलली, चौदा वर्षं तुमच्या फोटोला बोलते आहे. मिक्सर बंद पडला की बोलते, नळ गळाला की बोलते, लाइट गेली तरी बोलते. मी कोणत्याच वेळी तिला थांबवलं नाही. सुरुवातीला मार बसेल म्हणून, नंतर तुम्ही गेल्यावर सांगणं फार वाईट दिसेल म्हणून, आणि त्यानंतर इतकी वर्षं का नाही सांगितलं ते सांगावं लागेल म्हणून.

आता मुद्द्यावर येते. मी त्याच जागी तळं बांधलं आहे.

माझी कल्पना नव्हती. आईचे गुडघे गेले आहेत, ती दिवसभर मागच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसते, आणि समोर तुम्ही बोडी बुजवून वर टाकलेलं सिमेंटचं आंगण तव्यासारखं तापतं. जामुलच्या रस्त्यावर कुणाच्या तरी लग्नात तिनं लॉनच्या कोपऱ्यात दगडावरून पडणारं पाणी पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, तसं आपल्याकडे पाहिजे. मी वही घेऊन बसले. तिनं सांगितलं की ते नाल्यासारखं दिसलं पाहिजे, कोणी बांधलं असं वाटायला नको. पण चिखल नको, डास नको, बेडूक नको, आणि भोक तर मुळीच नको. मी सगळं लिहून घेतलं. मी हथखोजच्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढते, बाबा, गिऱ्हाइकाचं सगळं लिहून घ्यायची मला सवय आहे. शेवटच्या अटीवर मी पेन उचललं होतं, ते पुन्हा टेकवलं आणि 'भोक नको' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

या एका खड्ड्याची मी अकरा ड्रॉइंग काढली. कुणाला सांगायचीही लाज वाटते. नैसर्गिक दिसणारी गोष्ट करण्याएवढं अनैसर्गिक काम दुसरं नसेल. आधी रायपूरहून एक लँडस्केपवाला आला. त्याच्याकडे चोपडी होती, तिच्यात फायबरचे पोकळ दगड, निळे दिवे, आणि शंकराचं डोकं, ज्याच्या जटेतून पाणी येतं. मी त्याला म्हटलं की आम्हाला नाला पाहिजे. तो म्हणाला, मॅडम, नाला तो नगर निगम बनाता है. आई हसून हसून खुर्चीत वाकडी झाली. मी त्याला चहा देऊन पाठवलं.

मग मी मिस्त्री काकांकडे गेले. तुमच्या शेजारी वीस वर्षं भट्टीच्या आत वाकून विटा लावणारा माणूस, तुमच्याच बाजूच्या गावचा. मला वाटलं, याला सांगावं लागणार नाही. तिथेच फसले. आठ फूट लांब, सहा फूट रुंद खड्डा त्यांनी दोन मजूर घेऊन दोन दिवसांत खणला, तळाला आईच्या जुन्या सतरंज्या घातल्या, वर जाड प्लास्टिकचं कापड पसरलं, भोवती विटांची कड बांधली, सगळं उत्तम. मग जामुलकडून ट्रॅक्टरभर दगड आले. मी वर्कशॉपला गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर काका दोरी बांधून, लेवलची पाण्याची नळी लावून दगड रचत आहेत. थरावर थर. सांधे एकसारखे, दगडाची तोंडं एका रेषेत, जिथे बसले नाहीत तिथे छिन्नीनं तासून बसवलेले. आमचा नाला तुमच्या प्लांटमधल्या कोक ओव्हनच्या भिंतीसारखा दिसत होता.

मी म्हटलं, काका, हे फार सरळ झालं. त्यांनी नळी लावून पाहिली आणि आनंदानं म्हणाले, हो, एका सुताचाही फरक नाही. मी म्हटलं, फरक पाहिजे. ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहायला लागले, जणू मी त्यांना चोरी करायला सांगते आहे. मी पंजा पसरून समजावलं, मोठा दगड एक तृतीयांश मातीत गाडलेला पाहिजे, लहान त्याच्या पायाशी, जसे वाहून आले तसे. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी वाकडे दगडही समान अंतरावर वाकडे लावले. तीन दिवस हे चाललं. शेवटी मी त्यांची दोरी आणि नळी लपवली, तुमच्या हत्यारांच्या पेटीत. ते दुपारपर्यंत रुसून बसले, आईनं केलेला चहाही प्यायले नाहीत, आणि मग उठून दगड उचलले आणि खड्ड्याच्या काठाला टाकायलाच लागले. म्हणाले, "नाल्यात दगड लावत नाही कोणी, पडते तो. पडू दे मंग." त्या अर्ध्या दिवसात जे झालं तेच चांगलं आहे. त्यातही पाणी पडायच्या जागेजवळ चार दगड एका ओळीत आहेत. ते मी राहू दिले.

पुढचा त्रास आईचा. नवे दगड पांढरे दिसत होते, त्यांवर शेवाळ यावं म्हणून मी शेणकाल्यात ताक कालवून फासत होते, तर ती ओसरीवरून शेजारच्या आंटीला ओरडून सांगते की हमारी लड़की पत्थर को मठ्ठा पिला रही है, हमको नहीं पिलाती. मग तिनं काठावर पुदिना लावला. लावला तर लावला, पण माती ओढून प्लास्टिकच्या कडेवर टाकली, आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी रोज दोन बोटं उतरायला लागलं. मी एका दगडावर पेन्सिलीनं खुणा करून सकाळ-संध्याकाळ मोजत होते, दगडांवर पाणी चढवणारा पंप बंद करून मोजलं, चालू करून मोजलं, कापडाला भोक पडलं असेल म्हणून अर्धं पाणी उपसलं. आठ दिवसांनी कळलं की पुदिन्याची माती वातीसारखं पाणी ओढून बाहेर आंगणात टाकते आहे. मी माती मागे सारली. आई म्हणाली, "बाप तसाच होता तुझा. पाणी कुठून जाते ते पाहाले आठ दिवस, अन् झालं का?" मी पुदिना उचलून कुंडीत लावला.

तुम्ही मला मराठी शिकवली ती याच ओसरीवर. सात वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं, दम लागायचा म्हणून. तुमच्या सकाळच्या शिफ्टनंतर तुम्ही खडू घेऊन फरशीवर बसायचे. पुढे शाळा हिंदी मिळणार होती, म्हणून ळ तेवढा माझ्याकडून पक्का करून घेतला. तळं, पाळ, गाळ, कमळ. मी 'पाळ'च्या जागी 'पाल' लिहिलं तर तुम्ही पुसायला सांगितलं नाही, शेजारी पाल काढली, पाय पसरलेली, आणि म्हणालात, "हे अडवन का पाणी?" मी हसले नाही, मला रडू आलं, कारण चूक फरशीवर तशीच राहणार होती, आणि संध्याकाळी आई ती पाहणार होती. तुम्हाला ते कळलं की नाही, माहीत नाही. तुम्ही पाण्याची लोटी घेऊन स्वतः पुसलं. आज वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबरच्या दोघी मराठी आहेत, त्यांना ळ येत नाही, त्या फळालाही फल म्हणतात आणि मी सुधारायला गेले तर म्हणतात, तुम तो बहुत प्योर हो यार. मी प्योर नाही. मी चूक झाली की तिच्याभोवती चकरा मारणारी बाई आहे.

तर कड. खरी भानगड कडेची आहे. दगड वाकडे चालतात, पण पाण्याची कड एका पातळीत लागते, नाहीतर एका बाजूला प्लास्टिक उघडं पडतं. मी काकांना नळी परत दिली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी अख्खी कड अशी एका पातळीत आणली की पाणी भरल्यावर काठोकाठ आरशासारखं उभं राहिलं, चारी बाजूंनी सारखं. इतकं सारखं की जास्तीच्या पाण्याला जायला कुठेच जागा नाही. भट्टी बांधणाऱ्या माणसाला भोक ठेवायचं सुचत नाही. भट्टीला भोक राहिलं तर माणसं मरतात. आणि मला तर ड्रॉइंगमध्ये आईची अट होती. आम्ही दोघांनी मिळून, नळी लावून, एका सुताचाही फरक न ठेवता तीच बोडी बांधली जी मी दहाव्या वर्षी केली होती.

गेल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस लागला. पाणी कडेवर आलं, आणि जमिनीचा उतार अजूनही आंटीच्या भिंतीकडे आहे, तो काही बदललेला नाही. मी छत्री लावून मगानं पाणी उपसलं, बादली भरली, पुढच्या नालीत ओतली, पुन्हा उपसलं. दर अर्ध्या तासानं. आई ओसरीवरून म्हणाली, "पाऊस भरून राहिला अन् तू काढून राहिली. कोणाले मालूम, कोण जिंकते." वर्कशॉपला दोन दिवस दांडी झाली. मी तापाचं कारण कळवलं, आणि खोटं बोलले म्हणून खरंच अंग कसकसलं.

रविवारी काका आले, हातानं कड चाचपली, आणि पुढच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले की इथल्या दोन विटा काढू, कापड चार बोटं खाली दुमडू, एक पाइप टाकू भिंतीच्या कडेनं नालीपर्यंत, वर दोन दगड ठेवले की दिसणारही नाही. अर्ध्या दिवसाचं काम. आईनं खुर्चीतूनच नाही म्हटलं. काकांनी तिला समजावलं की वहिनी, पाण्याला वाट पाहिजे. ती म्हणाली, "वाट ठेवूनच तर गेली होती ते. त्या एका भोकापायी त्याइचं नाव गेलं मोहल्ल्यात. माह्या जिवात जीव आहे तोवर नाही." मग ती तुमच्या फोटोकडे वळून नेहमीचं वाक्य बोलली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दगडावरची पेन्सिलीची खूण पुसत होते.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांनी सायकलचं स्टँड काढलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाले, "सांगून टाक न बाई आता. कायले जिवाले लावून घेतलं?"

मी विचारलं, काय सांगू.

"वीट. फ्राकात गुंडाळेल. तुह्या बाबानं गाळातून काढली, अन् दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत घालून प्लांटात आणली. मले दाखवली. म्हणे, पाहा, पोट्टीनं कसा सांधा भरला."

मी म्हटलं, मग त्यांनी आईला का नाही सांगितलं?

काका म्हणाले, "म्या बी तेच इचारलं. तर म्हणे, हिची माय मले दोन दिवस बोलन अन् भुलन. पोट्टीले बोलली तर पोट्टी जन्मभर नाही भुलणार."

दोन दिवस. बाबा, तुम्ही भट्टीच्या आतली वीट गरम झाल्यावर किती फुगेल ते डोळ्यांनी सांगायचे, आणि घरातल्या दोन बायकांचा अंदाज तुमचा इतका कसा चुकला? एकोणीस वर्षं झाली, ती भुललेली नाही. मला कोणी एक शब्द बोललं नाही, तरी मीही भुलले नाही. तुम्हाला माहीत होतं, तर मला तरी एकदा जवळ बसवून सांगायचं की मला माहीत आहे. पाच वर्षं होती तुमच्याकडे. मी तुमच्या ताटात वाढलं, तुमच्या पायाला तेल लावलं, दरवेळी मनात म्हटलं की आज सांगते, आणि तुम्ही दरवेळी दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे, कोणत्या गावच्या तळ्याला किती शिंगाडा झाला वगैरे. मला आता वाटतं, तुम्ही मुद्दाम विषय बदलत होतात. चांगुलपणानं केलं असेल. मला त्याचा भयंकर राग आला आहे. फाटकाशी उभी राहून मी काकांवरच चिडले, म्हटलं, तुम्ही तरी इतकी वर्षं काय केलं? ते म्हणाले, मले वाटलं तुले मालूम असन. आणि सायकलवर बसून गेले.

आता आईला सांगितल्याशिवाय कड कापता येत नाही, आणि कड कापल्याशिवाय पुढचा मोठा पाऊस आंटीच्या घरात जाईल. आंटी आता पंचाहत्तरीच्या आहेत, एकट्या आहेत, खराटा घेऊन जायला तुम्ही नाही. हे सगळं मला कळतं. तरी रविवारपासून मी तीनदा आईसमोर बसले आणि तीनदा भाजी निवडून उठले. तिच्या रागाची भीती आहे असं मी स्वतःला सांगत होते, ते खरं नाही. ती रोज सकाळी तुमच्या फोटोवरची धूळ पुसते आणि तेच वाक्य बोलते, मग दुसरं काही बोलत नाही. तुमच्याशी तिचं तेवढंच बोलणं उरलं आहे. ते मी काढून घेतल्यावर ती फोटोसमोर काय बोलेल, हे मला ठरवता येत नाही. चुप उभी राहिली तर?

काका म्हणत होते की नागपंचमीनंतर बघू. नागपंचमीला कोणी खणत नाही, चिरत नाही, आई तर त्या दिवशी तवाही चुलीवर ठेवत नाही, आणि मग पुढे सणावर सण येतात. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. म्हणूनच नको म्हटलं. नागपंचमी शुक्रवारी आहे. मी काकांना गुरुवारी दहा वाजता छिन्नी घेऊन बोलावलं आहे आणि वर्कशॉपमधून खऱ्या कारणानं सुटी घेतली आहे. अर्जावर लिहिलं, घरगुती दुरुस्ती.

एक कबूल करते. हे पत्र तुम्हाला लिहिलेलं नाही. पहिलं वाक्य कसं बोलायचं ते कागदावर जमवून पाहत होते, आणि तुमच्याशी बोलताना ते पहिल्याच झटक्यात जमलं. आईशी 'सलांग' म्हणून चालणार नाही, तिच्याच शब्दात सांगावं लागेल की भोक होतं म्हणून पाळ नाही गेली, भोक मी बुजवलं म्हणून गेली. गुरुवारी सकाळी, आठ वाजता, तिचा चहा झाला की.